लाइट लागतो म्हणजे मशीन चालतं असं नाही

कपाटात पडून असलेला फोर-ट्रॅक (साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक रेकॉर्ड करणारं मशीन) शेवटी विकायला काढलाय. फॉस्टेक्स एक्स-15, 1983 चं मॉडेल, बॅटरीवर पण चालतो. आता माझं सगळं रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच होतं आणि हा नुसती धूळ खातोय, त्यापेक्षा कोणीतरी वापरलेला बरा.

पण जाहिरात टाकायच्या आधी बाकीच्यांच्या जाहिराती वाचल्या आणि डोकंच फिरलं. "पॉवर ऑन होतो, पुढे चेक केलेलं नाही, कॅसेट नाहीये." अरे बाबा, मग आण ना एक कॅसेट! लाइट लागला याचा अर्थ करंट आत पोचतोय, बास, एवढाच. आणि खाली "दुर्मिळ, व्हिंटेज" वगैरे लिहून किंमत मात्र अशी की जणू कालच सर्व्हिसिंग करून आणलाय.

या मशीनमध्ये आधी मरतो तो मोटरचा रबरी बेल्ट. रबर जुनं झालं की एकतर सैल पडतं, मग आवाज डुलायला लागतो, नाहीतर पार वितळून डांबरासारखं पुलीला चिकटून बसतं. मी उघडून बघितला तर दुसरा प्रकार. जुना बेल्ट ओढून निघतच नाही, तुकडे पडतात, बोटं काळी होतात आणि ते काळं साबणाने पण पटकन जात नाही. कापसाचे इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुलीची खाच शेवटपर्यंत साफ करावी लागते, कारण जरासा जरी गोळा राहिला तरी नवीन बेल्टवर दर फेरीला एक हिसका बसतो आणि तो लांब सुरात लगेच कानाला कळतो.

मग चारही ट्रॅक तपासायचे. एका वेळी दोनच रेकॉर्ड होतात, म्हणून आधी 1-2 वर गिटार, मग ते ऐकत ऐकत 3-4 वर तीच गिटार. एखादा ट्रॅक बाकीच्यांपेक्षा दबलेला वाटला तर हेड (टेप ज्याला घासून जाते तो भाग) घाण झालंय किंवा झिजलंय. आधी साफ करून बघा, लगेच रडू नका. बाजूच्या ट्रॅकचा आवाज थोडासा झिरपतो तो दोष नाही हो, अख्खी पट्टीच 4 मिलिमीटरपेक्षा अरुंद आणि त्यात चार ट्रॅक बसवलेत. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) खरखरत असतील तर तेही लिहा, घेणारा तसाही पहिल्या मिनिटात हलवून बघणारच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे विकणारे हमखास विसरतात. मशीन गेलं की तुमच्या जुन्या टेपा मुक्या झाल्या समजा. साध्या डेकवर कॅसेटची एक बाजू म्हणजे दोन ट्रॅक, उरलेले दोन पलटून लावल्यावर ऐकू येतात पण उलटे! कॉम्प्युटरवर सरळ करता येतात, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन-दोन ट्रॅक शेवटपर्यंत जुळून राहत नाहीत, मोटरचा वेग दर वेळी किंचित वेगळा पडतो. म्हणून आधी याच मशीनवरून सगळं लॅपटॉपवर घ्या, हेडचा कोन पण ज्याचा त्यालाच बरोबर जुळतो. माझ्या टेपांमध्ये निम्मं तर "वन टू थ्री, हॅलो चेक" निघालं, तरी ठेवलं.

विचारणा यायला लागल्यात. निम्मे लोक "लास्ट प्राइस?" एवढंच लिहितात, त्यांना मी उत्तरच देत नाही. पण एकाने मस्त प्रश्न विचारला, त्याच्याकडे पोर्टास्टुडिओ 144 वरच्या टेपा आहेत, या मशीनवर वाजतील का? (1979 चा तो 144, कॅसेटवर चार ट्रॅक ही भानगड त्यानेच सुरू केली.) तो चालतो दुप्पट वेगाने, एक्स-15 साध्या कॅसेटच्या वेगाने, म्हणजे गाणं निम्म्या वेगात आणि एक सप्तक खाली ऐकू येणार. वेग कॉम्प्युटरवर दुप्पट करता येईल, पण डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) दोन्हीकडे असलं तरी निम्म्या वेगात ते बरोबर सुटत नाही, आवाज नीट लागणार नाही. स्पष्ट सांगितलं, तुझ्या कामाचा नाही. गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे, नाहीतर पार्सल परत आलं असतं आणि वर शिव्या.

ज्याला द्यायचा जवळजवळ ठरलाय त्याला चारही ट्रॅकचा रेकॉर्ड केलेला नमुना पाठवलाय आणि अ‍ॅडॅप्टरच्या प्लस-मायनसचा फोटो पण, कारण उलट्या पिनचा लावला तर संपलंच. पॅक करताना आतली कॅसेट आणि बॅटऱ्या काढायच्या, फेडरच्या टोप्या काढून वेगळ्या पुडीत, आणि फेडरवर पुठ्ठा ठेवून मगच बबल रॅप. टाइप टू (क्रोम) च्या दोन कोऱ्या सी-60 कॅसेट सोबत देतोय, सी-120 देऊ नका कोणाला, फार पातळ टेप असते ती, गुंतते.