राउटर कोपऱ्यातच का बसतो

घरात वायफायचा राउटर कुठे बसणार हे घरातलं कोणी ठरवतच नाही, ते ठरवतो केबल ओढणारा. वायर जिथं आत आली तिथंच तो डबा ठोकतो, सही घेतो आणि जातो. मग पुढची पाच-सात वर्षं अख्खं घर त्या कोपऱ्याशी जुळवून घेत राहतं. वर तो डबा दिसायला बरा नाही म्हणून कोणीतरी त्याला टीव्हीच्या मागे नाहीतर कपाटात सरकवतं, आणि लांबच्या खोलीतल्या माणसाने "नेट येत नाही" म्हटलं की आपण कंपनीला शिव्या घालतो.

खरं तर आधी फुकटातला उपाय करून बघावा, डबा बाहेर काढा, उंचावर ठेवा, जमेल तेवढा घराच्या मध्यावर आणा. भिंत तर अडवतेच, त्यात काँक्रीट असेल तर जास्तच, पण आरसा आणि फ्रिजही काही कमी नाहीत कारण आरशाच्या मागे धातूचा थर असतो हे कोणाच्या लक्षातच नसतं. फिशटँकमधलं पाणीही सिग्नल पितं. आणि भिंत तिरकी पार करायची असेल तर लहरींना ती जास्तच जाड पडते. राउटर बहुतेक वेळा दोन बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, ५ ची साधारण सहाची, तिच्यावर नेट वेगवान पण भिंत आली की ती लगेच दमते. म्हणून लांबच्या खोलीत मोबाईल ५ ला चिकटून बसला असेल तर हाताने २.४ ला टाकून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

बाहेर अँटेना असेल तर बरेच जण तिचं टोक बेडरूमकडे रोखून ठेवतात, जणू काही टोकातून पिचकारी उडणार आहे. दांडीच्या टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही हो, निघतं ते बाजूंनी, चारही दिशांना. एकाच मजल्यावर वापरायचं तर दांडी सरळ उभी ठेवायची, बस.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते वेगळंच. आपण फक्त राउटरचा आवाज वाढवायच्या मागे असतो, "जास्त पॉवरचा घे" वगैरे. अरे पण मोबाईललाही उत्तर द्यायचं असतं ना! त्याची अँटेना लहान, बॅटरी वाचवायची म्हणून ताकदही बेताची. गच्चीवरून कोणी खणखणीत ओरडलं तर खाली अंगणात ऐकू येतं, पण अंगणातून आजीने हळूच दिलेलं उत्तर वर पोचत नाही, तसं होतं ते. कांड्या भरपूर दिसतात आणि पान काही उघडत नाही.

मग येतो रिपीटर, म्हणजे राउटरचं ऐकून तेच पुढे सांगणारा डबा. तो हमखास जिथं सिग्नल मेलाय त्याच खोलीत लावला जातो. आता त्या बिचाऱ्यालाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढे सांगणार काय? त्याला मधे लावायचं, जिथं मोबाईलला अजून चांगलं नेट मिळतंय तिथं. आणि तरीही साधा रिपीटर एकाच चॅनलवर, म्हणजे बँडमधल्या एकाच गल्लीत, ऐकतो आणि बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते, स्पीड साधारण निम्मा होतो. मेशवाले, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, आपसात बोलायला वेगळा बँड ठेवत असतील तर हा त्रास कमी होतो. बाकी कुठल्या डब्याला धरायचं हे शेवटी मोबाईलच ठरवतो आणि काही मोबाईल इतके हट्टी की दुसऱ्या डब्यासमोर उभे राहूनही पहिल्याला सोडत नाहीत, वायफाय बंद-चालू करावं लागतं.

माझं मत विचाराल तर लांबच्या खोलीपर्यंत सरळ लॅन केबल, म्हणजे नेटची वायर टाका. कॅट ५ई प्रकारची वायर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट नेते, घर किती का मोठं असेना. तिच्या टोकाला ड्रॉवरमधला जुना राउटर लावायचा, त्याचा डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करायचा, आयपी (त्याचा स्वतःचा पत्ता) बदलायचा, वायर वॅन (बाहेरच्या नेटच्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातल्या वायरींच्या) पोर्टात खुपसायची, नाव-पासवर्ड तेच ठेवायचे. २.४ ला एक डबा चॅनल १ वर ठेवला तर दुसरा ६ किंवा ११ वर, म्हणजे भांडणं होत नाहीत.

खरी अडचण तांत्रिक नसतेच, भिंतीला भोक पाडायला घरातून परवानगी मिळत नाही! तसं असेल तर विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे अडॅप्टर मिळतात, घरातलं वायरिंग कसंय त्यावर सगळं, पण लावणार असाल तर एक्स्टेन्शन बोर्डात नको, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा.