तुम्ही विचारलंत म्हणून: गुण आधीच ठरलेले असतात का?

डायव्हिंगची जज आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: "खरं सांगा, गुण आधीच ठरवून देता ना?" नाही. कोणी येऊन कानात आकडा सांगत नाही. दोन-तीन सेकंदांत डाइव्ह संपते आणि लगेच गुण द्यावा लागतो.

पक्षपात होतो, हे मात्र मान्य. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमधल्या गुणांची संख्याशास्त्रज्ञांनी छाननी केली, तेव्हा बरेच जज आपल्या देशाच्या खेळाडूंना झुकतं माप देताना दिसले. तिथेच पुरुषांच्या तीन मीटर स्प्रिंगबोर्डचं सुवर्ण शिओंग नीला मिळालं, फर्नांडो प्लातासपेक्षा जेमतेम ०.३० गुण जास्त मिळवून. आजच्या पद्धतीत ३.४ काठिण्याच्या (डाइव्ह किती अवघड, याचा ठरलेला आकडा) डाइव्हला, मोजणीत धरलेल्या एका जजचा अर्धा गुण इकडेतिकडे झाला तरी १.७चा फरक पडतो.

यावर मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले: सात जज असतात, वरचे दोन आणि खालचे दोन गुण कापतात, उरलेल्या तिघांची बेरीज गुणिले काठिण्य. एकट्याने लबाडी करून काय होणार? हे आजही खरं आहे. पण एका अंतिम फेरीनंतर मला ते पुरेनासं झालं.

एका नवख्या मुलीची डाइव्ह होती, काठिण्य ३.०. पाण्यात शिरताना पाय उभ्या रेषेच्या पलीकडे गेले, पाणी उडालं. मी ५.५ दिले, बाकीच्यांचेही गुण त्याच आसपास. तिला ४९.५ मिळाले. काही वेळाने एका नामवंत खेळाडूची तीच डाइव्ह, तीच चूक, वर हवेत पावलंही सुटलेली. मी पुन्हा ५.५ दिले. फलकावर उमटलं: ७.५, ७, ७.५, ५.५, ८, ७, ७.५. माझा गुण कापला गेला. उरले ७, ७.५, ७.५. म्हणजे ६६.

फेरीनंतर विचारणा मलाच झाली: "तुमचा गुण बाकीच्यांपासून इतका लांब कसा?" त्या सहाजणांना कोणी काही विचारलं नाही. ते विकले गेले होते असं मी म्हणणार नाही, तसं मला वाटतही नाही. नाव पुकारलं की डोळा आठाच्या आसपास जाऊन बसतो आणि तिथून खाली उतरायला तयार होत नाही. सगळेच एका बाजूला कलले तर कापाकापीत नेमका न कललेला जातो.

मीच बरोबर होते कशावरून? माझ्या खुर्चीवरून टेक-ऑफची उंची कमी दिसली असेल. पण मग त्या मुलीच्या वेळी ती सगळ्यांनाच कमी दिसली?

अंतिम फेरीत आधीच्या क्रमवारीच्या उलट क्रमाने उड्या होतात, म्हणजे सर्वांत वरचा खेळाडू शेवटी येतो आणि मोठ्या आकड्याची वाट बघणं तिथूनच सुरू होतं. चिठ्ठ्या टाकून क्रम लावा, असं मी सुचवत असते. मग चुरस जाईल, असं उत्तर येतं. तेही मला खोडता येत नाही.