कानशीचा हात

टेक्निकलच्या वर्कशॉपमध्ये खिडकीकडच्या बाकावरचा तिसरा व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, माझा होता. आठवीच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात लोखंडाचा एकेक चौकोनी तुकडा दिला आणि म्हणाले, "याची एक बाजू सपाट करून दाखवा." पुढचे कितीतरी आठवडे आम्ही तेवढंच करत होतो. कानस पुढे दाबून ढकलायची, मागे आणताना उचलायची, मग तुकड्यावर गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवून खिडकीकडे धरायचं. मधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत व्हाइसमध्ये. माझी कानस हातात डुलायची, त्यामुळे तुकड्याच्या कडा सारख्या उतरायच्या. सर मागे येऊन माझे दोन्ही हात धरायचे आणि माझ्याबरोबर पाचसहा हात मारायचे. मग म्हणायचे, "आता डोळे मिट आणि बोट फिरव. कुठं लागतंय ते सांग."

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीनं "शाळेनं तुम्हाला काय दिलं" यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मला हे पहिलं आठवलं. तीस वर्षांहून जास्त काळ मी विमानांच्या देखभालीचं काम केलं, आणि त्यातला बराचसा वेळ प्रोपेलरपाशी, म्हणजे विमानाच्या पंख्यापाशी उभा राहून, पात्याच्या कडेवरून बोट फिरवण्यात गेला.

१९८३ साली इथून दहावी झालो. मग आयटीआय, मग विमान देखभालीचा कोर्स, आणि पुढे एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, शिकाऊ मेकॅनिक. त्या वर्षांत ओढाताण होती, पण ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे, म्हणून तिथं थांबत नाही.

गावी आलो की लोक विचारायचे, "विमानाचा पंखा काय करतो रे? वारा देतो?" वारा मागे फेकला जातो हे खरंच, आणि तो मागे ढकलला म्हणूनच विमान पुढे जातं. पण प्रोपेलरचं पातं आडवं कापून पाहिलं तर त्याचा काप अगदी विमानाच्या पंखासारखा दिसतो: पुढची कड गोलसर, पाठीला फुगवटा, मागे निमुळतं. पंखावर जो जोर वरच्या दिशेनं तयार होतो, तोच इथं पुढच्या दिशेनं तयार होतो. प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख, ही गोष्ट राइट बंधूंनी ओळखली. जहाजांच्या पंख्यांचं शास्त्र त्यांच्या कामाला येईना, म्हणून त्यांनी स्वतः हिशेब मांडले आणि स्प्रूस लाकडाच्या फळ्या एकमेकींना चिकटवून, हातानं तासून १९०३ सालच्या विमानाचे दोन प्रोपेलर केले. इंजिनाच्या ताकदीतला सुमारे तीन चतुर्थांश भाग ते कामाला लावत होते. हातानं तासलेलं लाकूड! ही गोष्ट मी हँगरमधल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो.

आमच्याकडे सेसना १५२ जातीची दोन माणसं बसणारी विमानं होती. त्यांच्या प्रोपेलरच्या मधल्या भागावर मॉडेलचा क्रमांक कोरलेला असतो आणि त्याच्या शेवटी ६९५८ हे आकडे येतात. मला वाटलं होतं, तो कारखान्याचा काहीतरी नंबर असेल. आमच्या चीफसाहेबांनी समजावलं: ६९ इंच म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी, आणि ५८ इंच म्हणजे पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. हवा लाकडासारखी घट्ट असती, तर हा प्रोपेलर एका फेऱ्यात ५८ इंच पुढे गेला असता. मिनिटाला २४०० फेरे धरले तर ताशी २१२ किलोमीटर होतात. हवा सरकते, म्हणून विमान प्रत्यक्षात त्याहून कमी वेगानं जातं, पण आकडे वाचता आले आणि मला तो पंखा स्क्रूसारखा दिसायला लागला.

पात्याला पीळ का असतो, हेही मला तिथंच कळलं. इंजिन मिनिटाला २५५० फेऱ्यांवर असताना पात्याचं टोक सेकंदाला २३४ मीटर वेगानं पळत असतं, म्हणजे ताशी ८४० किलोमीटरच्या वर. त्याच पात्याचा मध्यापासून फूटभर अंतरावरचा भाग मात्र सेकंदाला ८१ मीटरच पळतो. विमान पुढे जाण्याचा वेग दोन्ही जागी सारखाच. मग दोन्हीकडे हवा योग्य कोनात लागावी म्हणून बुंध्याशी पातं जास्त उभं आणि टोकाशी जवळजवळ आडवं ठेवतात. विज्ञानाच्या मॅडमनी वर्तुळाकार गती शिकवताना दोरीला दगड बांधून वर्गात फिरवला होता, तो मला या हिशेबात किती उपयोगी पडला! तीच दोरी आणि तोच दगड घेऊन आणखी एक हिशेब करून पाहा. या पात्याच्या टोकाला फक्त १ ग्रॅम वजन जास्त असेल, तर पूर्ण वेगात ते ६ किलोहून जास्त ओढीनं बाहेर खेचत राहतं, तेही सेकंदाला ४२ वेळा दिशा बदलत. एवढ्यासाठी प्रोपेलरचा तोल दागिन्यासारखा पाहावा लागतो. आणि पूर्ण पातं स्वतःला बुंध्यापासून ओढत असतं ते टनांच्या हिशेबात.

आता खाचेविषयी, कारण देखभालीतला माझा जीव सगळा तिथंच आहे.

इंजिन सुरू असताना पात्याच्या टोकाशी हवेचे भोवरे होतात आणि ते जमिनीवरचे खडे, पाणी वर उचलतात. खडा पात्याच्या पुढच्या कडेला लागतो आणि बारीकशी खाच पडते. तिला हँगरमध्ये निक म्हणतात. बघायला काहीच नाही, तांदळाची कणी ठेवली तर बसेल एवढी. पण कापड दुकानात पाहिलं असेल, दुकानदार कापडाला कात्रीनं बोटभर चिरा देतो आणि मग दोन्ही हातांनी टरकन फाडतो. चिरा दिला नसता तर तेच कापड फाटता फाटलं नसतं. धातूचंही तसंच. सगळा ताण खाचेच्या तळाशी गोळा होतो. त्यात इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला पातं थरथरत असतं. लाखो वेळा थरथरलं की खाचेच्या तळातून तडा निघतो. टोकाचा तुकडा उडाला, तर उरलेल्या पंख्याचा तोल असा जातो की इंजिन आपल्या बैठकीवरून उखडू शकतं.

म्हणून निक तशीच ठेवायची नाही. अर्धगोल कानस घेऊन ती उतरवायची. नुसती बुजवायची नाही. तिचा तळ घासून तिला उथळ, लांबट वाटीसारखी करायची, म्हणजे ताणाला गोळा व्हायला टोकदार जागाच उरत नाही. शेवटचे हात पात्याच्या लांबीच्या दिशेनं मारायचे, आडवे ओरखडे राहू द्यायचे नाहीत, मग एमरी पेपर. किती खोल आणि किती रुंद घासायचं याच्या मर्यादा पुस्तकात असतात. त्यापलीकडे गेलं की पातं बाद. मी पहिल्यांदा कानस हातात घेतली तेव्हा चीफसाहेब जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कुठं शिकलास?" मी शाळेचं नाव सांगितलं.

ते पावसाळ्यानंतरचे दिवस होते. धावपट्टीच्या कडेची खडी पाण्यानं वाहून आत आली होती आणि झाडून झाली असं सगळ्यांना वाटत होतं. सकाळी एका मुलाचं पहिलं एकट्यानं उड्डाण ठरलं होतं. त्याचे आईवडील रात्रीच्या गाडीनं आले होते. मी पात्यावरून बोट फिरवत गेलो आणि टोकापासून वीतभर आत बोट अडकलं. कणीएवढी निक. उतरवायला अर्धा तास लागला. डोळे मिटून बोट फिरवलं, काही लागेना. मी खूश झालो. चीफसाहेब म्हणाले, "डाय लाव."

तो प्रकार असा. जागा आधी स्वच्छ करायची आणि तिच्यावर लाल रंगाचा पातळ द्राव फवारायचा. तडा असेल तर द्राव आत ओढला जातो. थोडा वेळ थांबून वरचा रंग फडक्यानं नीट पुसून घ्यायचा आणि वरून पांढऱ्या भुकटीचा फवारा. भुकटी आतला रंग टिपकागदासारखी वर ओढते. मी फवारा मारला आणि बघत राहिलो. पांढरं, पांढरं, आणि मग त्या पांढऱ्यात केसासारखी लाल रेघ उमटली. करंगळीच्या नखाएवढी. चीफसाहेबांनी सगळं पुसून पुन्हा करायला लावलं. पुन्हा तीच रेघ, तिथंच.

तडा गेलेल्या प्रोपेलरला दुरुस्ती नसते. लॉगबुकात नोंद झाली, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली सेफ्टी वायर तोडली, बोल्ट सोडले, पंखा उतरला. उड्डाण रद्द. त्या मुलाचे वडील हँगरच्या दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा चीफसाहेबांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, "यांना दाखव." मी त्यांना रेघ दाखवली. ते बराच वेळ वाकून पाहत होते. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता गेले.

दिवाळीत गावी आलो तेव्हा सरांना भेटायला वर्कशॉपमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. सरांनी एकच विचारलं, "बोटाला लागला होता का तडा?" मी म्हटलं, "नाही सर." ते गप्प झाले. पुढच्या वर्षीपासून त्यांनी आठवीला एक नवा प्रयोग सुरू केला. तडा गेलेला ओतीव लोखंडाचा तुकडा रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा, त्यावर खडूची पूड लावायची आणि थांबायचं. तड्यातलं रॉकेल पुडीत झिरपून ओली रेघ उमटते. आमच्यानंतरच्या तुकड्यांना हा प्रयोग आठवत असेल. तो कुठून आला, हे सरांनी त्यांना सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

पुढे मी दोन इंजिनांच्या विमानांवर गेलो. तिथला प्रोपेलर उडताना स्वतःची पाती वळवतो, चढताना बारीक कोन, सरळ उडताना मोठा, घाटात गाडीचा गिअर बदलावा तसा. हे काम गव्हर्नर करतो. आमच्या मळ्यातल्या किर्लोस्कर इंजिनाला गव्हर्नर होता. वेग वाढला की त्याची वजनं बाहेर फाकायची आणि डिझेल कमी व्हायचं. इथंही तशीच फिरती वजनं आणि एक स्प्रिंग असते. फरक एवढाच की ती डिझेलऐवजी तेलाची वाट उघडझाप करतात आणि त्या तेलाच्या दाबानं पाती वळतात. एक इंजिन बंद पडलं तर पाती पूर्ण वळून धारेनं वाऱ्याला सामोरी होतात, म्हणजे बंद पंखा विमानाला फारसा मागे ओढत नाही. पहिल्यांदा तो गव्हर्नर उघडला तेव्हा मला मळ्यातल्या डिझेलचा वास आला.

एक सवय मात्र पहिल्या हँगरातली, ती आजही सुटलेली नाही. तिथं एक जुनं पुष्पक जातीचं विमान होतं, बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बांधलेलं. त्याला सेल्फ नव्हता, पंखा हातानं मारून इंजिन सुरू करायचं. आतून वैमानिक "कॉन्टॅक्ट" म्हणाला की पात्यावर पंजा ठेवून खाली खेचायचं आणि त्याच झोक्यात मागे सरायचं. अंगठा पात्याला वेढू द्यायचा नाही, पाय आत टाकायचा नाही. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोची एक तार तुटली तर स्विच बंद असतानाही इंजिन ठिणगी देऊ शकतं, म्हणून थांबलेला पंखाही चालू समजायचा. मी आजही कुठल्या प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत उभा राहत नाही, प्रदर्शनातल्यासुद्धा.

तो तडा गेलेला प्रोपेलर नियमाप्रमाणे कुणी पुन्हा वापरू नये म्हणून मधून कापला गेला. त्यातलं एक पातं चीफसाहेबांनी नव्या मुलांना शिकवायला भिंतीवर लावून ठेवलं होतं. हँगर हलवताना ते मी मागून घेतलं. महोत्सवानिमित्त ते शाळेला देत आहे. मुख्याध्यापकांना विनंती आहे की ते काचेच्या कपाटात ठेवू नये. वर्कशॉपमध्ये, खिडकीकडच्या भिंतीवर, आठवीच्या मुलाचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर लावावं. खालच्या कडेवर जिथं कानशीनं केलेली उथळ वाटी आहे, तिथं मी काही खूण केलेली नाही. मुलांनी ती डोळे मिटून शोधावी.

तडा मात्र बोटाला सापडणार नाही. त्यासाठी महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता मी वर्कशॉपच्या व्हरांड्यात डाय आणि भुकटीचे डबे घेऊन बसेन. पातं नीट स्वच्छ करून गेल्या महिन्यात घरी अंगणात करून पाहिलं, रेघ अजून येते. आठवी-नववीच्या मुलांनी येताना जुन्या धोतराचं किंवा बनियनचं धुतलेलं फडकं आणावं, ज्याचे धागे सुटत नाहीत असं. आणि गणवेशाचा पांढरा शर्ट घालून येऊ नये, तो लाल रंग धुऊन जात नाही.