तुम्ही विचारलंत म्हणून: दोन गट, एक ग्रामसभा

"निवडणुकीत गावाचे दोन तुकडे झाले. हमरीतुमरी न होता आता एका ग्रामसभेत बसवायचे कसे?" दर निकालानंतर हाच प्रश्न. विचारणाऱ्याला समजुतीच्या चार गोड गोष्टी हव्या असतात. त्या माझ्याकडे नाहीत. माणसांच्या स्वभावापेक्षा कागदावरून भांडणं जास्त पेटतात, हे माझं मत तुम्हाला रुक्ष वाटेल. वाटू द्या.

विषयपत्रिकेची शेवटची ओळ बघा: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. नोटीस सात दिवस आधी लागते, पण या ओळीखाली काय येणार ते त्या नोटिशीत नसतं. गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी ते. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मेख इथे आहे.

एका गावात तहकूब सभेला 22 जण आले, सगळे एकाच गटाचे. ऐनवेळच्या विषयात नवी पाईपलाईन खालच्या आळीतून न्यायचं ठरलं आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिलं गेलं: 'सर्वानुमते मंजूर'. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करायची वेळ आली. 'सर्वानुमते' हा शब्द ऐकला आणि वरची आळी उठली. "सर्वांत आम्ही धरलेलो नाही का?" पाईप कुठून जावा हा मुद्दा तिथेच संपला. कोणी माईक ओढला, कोणी रजिस्टर, आणि नेमकं तेच पान उभं फाटलं. खालच्या आळीला पाणी हवंच होतं, वरच्या आळीचा पाण्याला विरोध नव्हताच. तरी काम दोन उन्हाळे अडलं, एका शब्दापायी.

म्हणून ऐनवेळच्या विषयावर नुसती चर्चा करा, ठराव पुढच्या सभेत. महिला सभा आधी घ्यावीच लागते. तिचे ठराव शेवटी उरकू नका, सुरुवातीलाच वाचा. इतिवृत्त घरी नेऊन लिहायचं नाही. ठरावाचं वाक्य सभेतच लिहायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि विरोधकाचं कारण त्याच्याच शब्दांत त्याखाली घ्यायचं. कारण वहीत उतरलं की माणूस बहुधा खाली बसतो. बहुधाच म्हणतो मी.

मतदानाचं काय? पूर्वी मी बिनदिक्कत सांगायचो, हात वर करा, मोजा, मोकळे व्हा. चुकत होतो. ज्याच्या शेतात मजुरीला जायचं, त्याच्यासमोर हात कोण वर करणार? मग गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)चं उदाहरण द्यायला लागलो. तिथे सर्वसहमतीनं निर्णय होतात, पटेपर्यंत विषय पुढे ढकलतात, आणि अभ्यासगटात तो आधी उलगडून घेतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला तो याच गावाला. पण ते लहानसं गोंड गाव. पाच हजार मतदारांच्या गावात सर्वसहमती म्हटलं की एका हट्टी माणसाच्या हातात कुलूप दिल्यासारखं होतं. हे कळूनही ते उदाहरण मी देतोच, कारण हात मोजण्याचं नुकसान त्याहून मोठं वाटतं. उद्या मत बदलेलही.

सभेला चहा ठेवायचा का, हेही विचारता. ठेवा, पण इतिवृत्तावर सह्या झाल्यावर. आधी दिलात तर सह्यांना निम्मी माणसं उरत नाहीत, आणि मग सह्या घरोघरी फिरून गोळा कराव्या लागतात. त्या वहीत काय लिहिलंय ते तेव्हा कोणी वाचत नाही.