पाणचक्की ते वेरूळ, म्हैसमाळवरून: बावन्न किलोमीटरचा वृत्तांत

ही नोंदणी, टी-शर्ट आणि मेडल असलेली शर्यत नव्हती, हे आधीच सांगते. ४२.१९५ किलोमीटरच्या पुढे धावलं की ती अल्ट्रा. पुण्याकडच्या मंडळींना त्यासाठी सिंहगड-राजगड-तोरण्याचे डोंगर घराजवळ आहेत. आम्हाला तिथवर जायचं तर रात्रभर प्रवास, वर हॉटेलचा खर्च. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही नऊ जणांनी आपल्याच डोंगरात बावन्न किलोमीटर पळायचं ठरवलं. नऊ जणांत आम्ही चार बायका. सामानाला एक बोलेरो आणि एक मोटारसायकल. मार्ग असा: संभाजीनगरची पाणचक्की, दौलताबाद, खुलताबाद, शुलीभंजन, म्हैसमाळ आणि शेवट वेरूळला. निम्मी वाट डांबरी, निम्मी पायवाटांची. ज्यांना यंदा हाच रस्ता धरायचाय त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

मी मूळची लातूरची. हे इथे सांगायचं कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत घागर घेऊन मी किती तास उभी राहिले, त्याचा हिशोब नाही. तेव्हापासून अंगात एक सवय मुरली आहे. पाणी दिसलं की पिऊन घ्यायचं, पुढे मिळेल न मिळेल. याच सवयीने मला ह्या रस्त्यावर आडवं पाडलं असतं.

पहाटे पावणेपाचला पाणचक्कीपाशी जमलो. थंडी चांगली होती, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायची ही जागा, सुरुवातीला याहून योग्य ठिकाण आम्हाला सुचलं नाही. शहराला नहर-ए-अंबरी ही पाणीयोजना देणाऱ्या मलिक अंबरची कबर पुढे खुलताबादला आहे, म्हणजे त्याच्या शहरापासून त्याच्या कबरीपर्यंतचा पहिला टप्पा.

दौलताबादपर्यंतचे तेरा-चौदा किलोमीटर लवकर आटपायचे. जमेल तिथे डोंगराच्या पायथ्याची बैलगाडीची वाट धरली, नाहीतर रस्त्याची कड. हेडलॅम्प हवाच, आणि पाठीवर चमकणारी पट्टीही हवी. पहाटे उसाचे ट्रॅक्टर आणि भरधाव जीपा असतात, त्यांना तुम्ही दिसलं पाहिजे. वस्तीजवळ कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवा, चाला, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. पळणाऱ्याच्या मागेच ती लागतात.

सातच्या आत-बाहेर फटफटलं तेव्हा देवगिरी समोर होता. खालून धुक्याची पट्टी आणि वर तो तासलेला काळा कडा. किल्ला बघायला थांबू नका, त्याला वेगळा अख्खा दिवस द्यावा लागतो. इथे बोलेरो उभी होती. केळी, चहा, बाटल्या भरून घेणं, सगळं मिळून दहा मिनिटं. तोवर मी जवळजवळ दोन लिटर पाणी प्यायले होते. थंडीत. घाम म्हणावा असा आलाच नव्हता.

पुढचा दौलताबादचा घाट सगळ्यांनी चालत चढला. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे पटत नाही, पण चढ चालतच चढायचा असतो. हात मांड्यांवर, पावलं छोटी, श्वास नाकाने घेता येईल इतपतच वेग. पहिल्या घाटात पळून दाखवलेला माणूस तिसऱ्या चढाला बसलेला असतो. आम्ही पाच महिने गोगाबाबा टेकडीवर याचीच तयारी केली होती. आठवड्यातून एकदा टेकडीच्या फेऱ्या, शनिवारी पंचवीस किलोमीटर आणि रविवारी दमलेल्या पायांनीच पुन्हा पंधरा. त्या रविवारच्या पंधरा किलोमीटरांनी जे शिकवलं ते बाकी कशाने शिकवलं नाही.

घाट संपला की कागजीपुरा लागतो, हातकागदाचं गाव. तिथून खुलताबादपर्यंतचं पठार सोपं आहे. ह्या रस्त्यावर हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. कुणी अनवाणी, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन. वाटेवर लोक मांडव टाकून पाणी, सरबत, केळी वाटतात. ग्रुपमधल्या एकाची आजी सत्तरी ओलांडेपर्यंत दरवर्षी जायची. तिचा एकच सल्ला होता: निघण्याआधी बोटांच्या बेचक्यात खोबरेल चोळायचं. आम्ही सगळ्यांनी चोळलं. नऊ जणांत फोड आला तो एकालाच, आणि त्याने नवे बूट घातले होते. नवे बूट घालून येऊ नका. निदान शंभर किलोमीटर घासलेलेच घाला.

मंदिराच्या परिसरात स्वच्छतागृहाची सोय आहे. बायकांनी इथे जाऊनच पुढे निघावं, कारण यानंतर म्हैसमाळपर्यंत काहीच नाही. सोय नाही म्हणून पाणी टाळणं हा आपल्याकडच्या बायकांचा जुना मार्ग आहे. तोही चुकीचा, आणि मी करत होते तेही चुकीचं.

खुलताबादहून शुलीभंजनचा डोंगर पाचेक किलोमीटर. दत्ताचं स्थान. संत एकनाथांनी इथे तप केलं असं मानतात, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. म्हणजे सकाळपासून आम्ही पळत होतो ती गुरू-शिष्याच्या जागांमधली वाट. वर एक दगड आहे, त्यावर खडा मारला की धातूसारखा टणत्कार येतो. आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितला. वारा इतका होता की घाम अंगावरच वाळून मनगटावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

ती रेघ मी बघितली आणि तिचा अर्थ मला कळला नाही. अंगातलं मीठ बाहेर चाललं होतं आणि मी आत भरत होते ते नुसतं पाणी.

म्हैसमाळच्या वाटेवर, तेहतीस-चौतीस किलोमीटरच्या सुमाराला, मळमळायला लागलं. डोकं जड झालं. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. बाटली काढून अर्धी संपवली. दहा मिनिटांनी आणखी वाईट. घड्याळाचा पट्टा सैल करायला गेले तर तो मनगटात रुतलेला, आणि अंगठी बोटात हलेना. बोटं सुजून गाजरासारखी झाली होती. शेजारी एक मैत्रीण पळत होती, ती नर्स आहे. तिने माझा हात धरला, बोट दाबून बघितलं आणि बाटली काढूनच घेतली. म्हणाली, “पाणी बंद. किती प्यालीस?” मी हिशोब सांगितला. सकाळपासून पाच लिटरच्या वर.

याला रक्तातलं सोडियम पातळ होणं म्हणतात. तहान नसताना तासन्‌तास साधं पाणी पीत राहिलं की होतं, आणि जास्त करून हळू पळणाऱ्यांना होतं, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम कमी सापडलं होतं. हा त्रास वाढला तर माणूस असंबद्ध बोलायला लागतो, झटके येतात, जीवही जातो. मळमळ आणि डोकं जड होणं उन्हानेही होतं, म्हणून फसायला होतं. बोटांची सूज ही एक खूण असते. पाणी कमी पडलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि त्याला तहान लागते. माझं तोंड ओलं होतं, तहान नव्हती, बोटं मात्र सुजली होती.

आम्ही रस्त्याच्या कडेला कापसाच्या शेताच्या बांधावर बसलो. वेचणी चालू होती. ओटीत कापूस भरलेल्या एक मावशी जवळ आल्या. “काय झालं माय लेकीला? कशापायी पळता एवढं?” मैत्रिणीने सांगितलं, हिला खारट काहीतरी पाहिजे. मावशींनी बांधावरचं फडकं सोडलं. आत ज्वारीची भाकरी आणि तिच्या पोटात कैरीच्या लोणच्याची फोड. भाकरीच्या आतल्या पापुद्र्यात खार मुरून ती जागा लालसर, पारदर्शक झाली होती. मावशींनी नेमका तोच भाग तोडून माझ्या हातात दिला. मी फोड चोखून खाल्ली, साल चावून चावून संपवली. मग आमच्या पिशवीतले उकडलेले बटाटे मीठ लावून तीन खाल्ले. पाऊण तास पाण्याचा थेंब घेतला नाही, चालतच राहिलो. तासाभरात दोनदा लघवीला जावं लागलं आणि डोकं उतरायला लागलं.

माझं थोडक्यात निभावलं, त्यावरून लोणचं हे औषध समजू नका. कुणी बरळायला लागलं, सारखं उलटायला लागलं किंवा झोपाळलं तर पळणं तिथेच संपवायचं, १०८ ला फोन करायचा आणि थेट घाटी, म्हणजे संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, गाठायची. आणि डॉक्टरांना ‘पाणी जास्त झालंय’ हे सांगायचं. न सांगितलं तर साधं सलाईन लावलं जाऊ शकतं आणि त्याने आणखी बिघडू शकतं, कारण दमलेल्या धावपटूला सगळे सुकलेलाच समजतात.

आता मी काय करते ते सांगते. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवलेलं, पाण्यात वाढ नाही की कपात नाही. तहान लागली की घोट, नाही लागली तर नाही. दर तासाला काहीतरी खारट: उकडलेला बटाटा, खारे शेंगदाणे, लिंबाच्या फोडीला मीठ. गोडात खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू. नुसत्या गोडावर वीस किलोमीटरनंतर जीभ बंड करते. आणि गुडघे दुखतात म्हणून वाटेत आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची नाही. लांब पळताना ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि हा सोडियमचा धोकाही वाढवते. आमच्यातल्या दोघांच्या खिशात त्या गोळ्या होत्या, नर्सने त्या जप्त केल्या.

म्हैसमाळला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. उंची साधारण १०६७ मीटर, म्हणजे शहरापासून चढून आलो ते जवळजवळ पाचशे मीटर. गिरिजामातेच्या देवळाच्या सावलीत बूट काढले. मोज्यांची हालत बघण्यासारखी होती. पावसाळ्यात हिरवागार असलेला हा माळ डिसेंबरात पिवळ्या कुसळी गवताचा होतो. कुसळं मोज्यात नुसती टोचत नाहीत. घामाची ओल लागली की त्यांच्या शेपटाचा पीळ सुटत फिरतो आणि टोक स्क्रूसारखं आत शिरतं. माझ्या डाव्या मोज्यातून मोजून सतरा काढली, दोन तर कातडीत रुतलेली होती. उपाय साधा आहे: जुन्या लांब मोज्याचा वरचा भाग कापून बुटाच्या तोंडावर चढवायचा. विकतच्या गेटरपेक्षा तो मला बरा वाटला.

पावसाळ्यात यायचं असेल तर हेही ऐका. म्हैसमाळ तेव्हा सुंदर असतं, पण शनिवार-रविवारी गाड्यांची एवढी गर्दी असते की पळायला जागा नाही, खडकावर शेवाळ असतं आणि खाली शेतातली काळी माती बुटाला धरली की एकेका पायाला किलोभर गोळा बसतो. मार्चनंतर विचारही करू नका. डिसेंबर, जानेवारी हेच महिने, आणि दुपारी दोनच्या आत संपवायचं.

उरलेले तेरा-चौदा किलोमीटर बहुतेक उताराचे. उतार मांड्या फोडतो, म्हणून पावलं छोटी ठेवा, टाचेवर आपटू नका. वाटेत एका शेतात हुरड्याची आगटी पेटली होती. थांबवून मूठभर हुरडा दिला, सोबत तीळ-लसणाची चटणी. मी चटणीच जास्त खाल्ली.

वेरूळच्या घाटात कडा उजेडात आला. हाच थराथराचा काळा दगड, लाव्हाचा, त्यावर पाणी टिकत नाही आणि त्यातच वरून खाली कोरत नेलेलं कैलास. लेण्यांच्या परिसरात कड्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, बॉडी स्प्रे नको आणि आरडाओरडाही नको. लेणी बघायची असतील तर मंगळवार टाळा, त्या दिवशी बंद असतात. घृष्णेश्वराच्या अलीकडे दोन वाजून दहा मिनिटांनी मी थांबले. नऊ तास पंचवीस मिनिटं. सगळे नऊ जण पोचले, शेवटचा अडीचला. परतायला खुलताबाद-संभाजीनगरच्या एसटी आणि जीपा मिळतात. कोरडे कपडे आणि चपला पिशवीत ठेवा, ओल्या बुटांत तासभराचा प्रवास नको वाटतो.

स्टँडवर बसले असताना अंगठी फिरवून बघितली. फिरली. तेवढ्यात लातूरहून आईचा फोन.

“पाणी मिळालं का गं वाटेत?”

“लई मिळालं, आई,” मी म्हटलं, आणि मग तिला आधी लोणच्याचं सांगितलं.