मुका बजर

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सकाळी सातला तांडेलकाकांचा फोन आला. "शनिवारी शेठ येतायत, घरची माणसं घेऊन. खालच्या केबिनीत उभं राहवत नाही बघ. आजच ये."

माझं काम बोटींच्या प्लंबिंगचं. गावात, वेंगुर्ल्यात, कोणी विचारलं तर आई "इंजिनाचं बघतो" म्हणून सांगते. खरं तर आठवड्यातले निम्मे दिवस माझं डोकं बोटीच्या संडासात असतं. आम्ही त्याला हेड म्हणतो, त्यामुळे हा विनोद माझ्यावर रोज होतो.

बोट ४२ फुटी, शिडाची. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणून जूनपासून गोव्यात मांडवी नदीत, ब्रिटोना गावाच्या अंगाला मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या दोरावर उभी. बोटीवर काका आणि एक पोरगा राखणीला, अधूनमधून शेठची मित्रमंडळी. माझ्याबरोबर नेहमीप्रमाणे बाबल्या. वास म्हटलं की आम्ही आधी होजवर संशय घेतो. फडकं गरम पाण्यात पिळून होजवर गुंडाळायचं, गार झालं की काढून हुंगायचं. फडक्याला वास आला तर होज पाझरतोय, बदला. बाबल्याने चारही ठिकाणचं फडकं हुंगलं. "कायएक नाय दादा." होज ठीक होता.

मग बंकखालची पेटी उघडली. ही मैला शुद्ध करायची पेटी, अमेरिकी बनावटीची. शेठना तिचं फार कौतुक. आत दोन कप्पे. बोटीखालचं पाणी ओढून फ्लश केलं की मैला पहिल्या कप्प्यात येतो आणि तिथलं पातं त्याचं पार पीठ करतं. पुढच्या फ्लशला तो दुसऱ्या कप्प्यात सरकतो. तिथं धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज जाते. पाणी खारं असलं की त्या मिठापासूनच क्लोरिन तयार होतो आणि जंतू मारतो. त्यानंतरच्या फ्लशला ते पाणी नळीतून बाहेर. वरून थेंबभर औषध घालायला लागत नाही, ही त्यातली गंमत. तिकडे या जातीला टाइप १ म्हणतात आणि ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना ती चालते. अट अशी की बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू १,००० च्या वर नकोत आणि तरंगणारं काही डोळ्यांना दिसता कामा नये.

झाकण काढल्याबरोबर सडक्या अंड्याचा भपकारा आला. मी बाहेर पळालो, दोन्ही हॅच उघडले आणि पंधरा मिनिटं वर जाऊन बसलो. हा वायू कोंडलेल्या जागेत जीव घेऊ शकतो, तिथं शौर्य दाखवायचं नसतं. ज्या पेटीला पोहण्याच्या तलावासारखा वास यायला हवा, तिच्यात शुद्ध गटार होतं.

परत उतरून बटण दाबलं. मोटर फिरली, पात्याचा आवाज आला. तारेला वीज मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. चाळीसच्या वर अँपिअर दिसायला हवे होते, दिसले १२. म्हणजे मोटरी तेवढ्या फिरतायत, पट्ट्या काही खात नाहीयेत. मला वाटलं, पट्ट्यांवर चुना धरलाय. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की कुठंही पांढरा दगड बसतो, होजमध्येसुद्धा. पट्ट्या काढल्या, पातळ केलेल्या ॲसिडमध्ये बुडवल्या, चांगल्या धुतल्या, परत बसवल्या. तीन तास गेले. मीटरवर १२.

जेवायची वेळ झाली. बाबल्याने नदीतून बादलीभर पाणी ओढलं आणि डेकवर हात धुवायला बसला. मी बघत होतो. त्याच्या हातावर कोपरापर्यंत फेस आला होता, अंगाच्या साध्या साबणाचा.

समुद्राच्या पाण्यात साबणाला असा फेस येत नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे, प्रत्येक कोकणी पोराला माहीत असतं. तरी मी सकाळपासून त्या पाण्यावर तरंगत होतो आणि डोक्यात आलं नाही. चार महिने सह्याद्रीवरचं पाणी मांडवीतून लोटतंय, त्यात ओहोटी. बोटीखाली समुद्र नव्हताच.

मेव्हण्याच्या कोळंबीच्या तळ्यावर पाण्यातलं मीठ मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. तो संध्याकाळी मागवला. ओहोटीच्या पाण्यात लिटरमागे मीठ निघालं ३ ग्रॅम, रात्रीच्या भरतीत ११. समुद्रात ३५ च्या आसपास असतं. पेटी निर्दोष होती. तिला खायलाच मिळत नव्हतं.

पण अशा वेळी ही पेटी गप्प बसत नाही. मीठ कमी पडलं की लाल दिवा लागतो आणि बजर वाजतो. दिव्यावर काळी टेप होती, ती मला वाटलं होतं कुठंतरी फुटलंय म्हणून लावलीय. बाबल्या पॅनेलमागे हात घालून म्हणाला, "दादा, वायर कोणीतरी कापल्यान हा."

काका डेकवर माझ्याकडे न बघता बोलले. "जूनमध्ये सारखा कोकलायचा रे. रात्री पाहुणे झोपेनात. तुझ्याआधी एक जण यायचा, त्याने दोन मिनिटांत बंद केला. मला काय माहीत तो कशासाठी बोंबलतोय?"

मी काही बोललो नाही. समोर होडीतली दोन पोरं खेकड्यांची जाळी टाकत होती. जून ते सप्टेंबर, हा हिशोब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

शेठना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "पण मशीन चालू होती ना?" चालू होती. पीठ छान करत होती. दुसरा मुद्दा त्यांनी कायद्याचा काढला. मार्पोल, म्हणजे जहाजांचं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं चौथं परिशिष्ट ४०० टन आणि त्यावरच्या किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या, परदेशी जाणाऱ्या जहाजांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. बरोबर आहे. मी म्हटलं, "शेठ, त्या मोठ्या जहाजांनाही दळून जंतू मारलेलं सोडायला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पलीकडे जावं लागतं, कच्चं सोडायला १२ च्या. आपण समोरच्या जेट्टीपासून दगड मारला तर पोहोचेल एवढ्यावर आहोत." थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "काय लागेल ते कर."

लागलं मीठ. पक्का उपाय म्हणजे फ्लशच्या पाण्यात खारवणी मिसळणारी छोटी टाकी, तिचं सामान यायला दहा दिवस. शनिवार तर परवावर. एका फ्लशला साधारण ३ लिटर पाणी, लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे शंभरेक ग्रॅम मीठ. ५ किलोत सत्तेचाळीस फ्लश. पणजीच्या बाजारातून खडे मीठ आणलं. आगरातलं मीठ, खाली बोटभर चिखल बसला. विरघळवून जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं, बाटल्यांत भरलं आणि काकांना माप दिलं: आधी एक पेला भांड्यात, मग फ्लश, मग बटण. या मिठाच्या पाण्याखेरीज दुसरं काही नाही. ॲसिडवाला क्लीनर तर अजिबात नाही, क्लोरिनबरोबर त्याचा विषारी धूर होतो.

तिसऱ्या फ्लशला मीटर ४१ वर गेला. बाहेरच्या नळीखाली धरलेली क्लोरिनची पट्टी रंगली. केबिनीत तलावाचा वास आला. बाबल्याने बजरची वायर जोडली, मी टेप काढली.

शनिवारी मी मुद्दाम गेलो. शेठच्या आई जिन्याशी बसल्या होत्या. बाटल्या दुपारीच संपल्या होत्या, म्हणून काका खडे मिठाची मूठ भरून संडासाकडे निघाले, तशा त्या म्हणाल्या, "अहो, दृष्ट काढताय की काय?" काकांनी त्यांना वीज, पट्ट्या, क्लोरिन सगळं समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मोहरी नको?"

रविवारी रात्री साडेअकराला परत फोन. मागे बजर कोकलत होता, कोणीतरी पेला ओतायला विसरलं होतं. मला वाटलं, आता म्हणणार, वायर काढू का. काका ओरडून विचारत होते, "आता एक पेला घालू की दोन?"