अपघाताचा क्लेम आणि माझी मापाची वही

नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट आहे. इंदूरच्या सीतलामाता बाजारातून अस्तर आणि फॉल घेऊन ॲक्टिवावर घरी सुदामा नगरला येत होते, फूटी कोठी चौराह्याच्या अलीकडे मागून एक कार आली आणि डावीकडे वळता वळता मला घेऊनच वळली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण उजवं मनगट दोन जागी मोडलं, प्लेट बसवावी लागली. मी वीस वर्षांपासून घरीच ब्लाऊज शिवते, उजवा हात गेला म्हणजे माझं काय गेलं ते शिवणाऱ्या बाईलाच कळेल.

कारवाले दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आले, फळं आणली, आणि वीस हजार घ्या पण पोलीस थान्यात जाऊ नका म्हणाले. सासूबाई पण म्हणाल्या, जाऊ दे बाई, कोर्टकचेरी कोण करणार. तेव्हा माझे दीर म्हणाले, "वहिनी, पैसे त्यांच्या कारची विमा कंपनी देणार आहे, त्यांच्या खिशातून जाणार नाहीत, तुम्ही कशाला संकोच करता?" ते हे बोलले नसते तर मी तेच वीस हजार घेऊन बसले असते. एमपरिवहन ॲपवर कारचा नंबर टाकला तर विमा कधीपर्यंत चालू आहे ते लगेच दिसलं.

एफआयआर दोन दिवस उशिरा झाली, कारण मी ऑपरेशनमध्ये होते. पण हॉस्पिटलने आल्या आल्याच एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची डॉक्टरी नोंद, केली होती, त्यात कारची टक्कर लागली असं लिहिलेलं होतं आणि पुढे उशिराचा मुद्दा निघाला तेव्हा तोच कागद कामी आला. पहिले तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची धारा २७९ (बेपर्वा गाडी चालवणं) आणि ३३७ (दुखापत) लागली, एक्सरेत फ्रॅक्चर आल्यावर ३३८ (गंभीर दुखापत) वाढवली. हे बघून घ्या, कारण एक्सरे रिपोर्ट थान्यात पोहोचलाच नाही तर साधी मार लिहिलेली तशीच राहते. पोलिसांनी नक्शा मौका, म्हणजे अपघाताच्या जागेचा नकाशा, बनवला तेव्हा दीर स्वतः तिथे उभे राहिले आणि माझी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला पडली होती ते दाखवून दिलं.

भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा असा नियम १ एप्रिल २०२२ पासून आलाय, पूर्वी अशी मुदत नव्हती म्हणून खूप लोक अजूनही आरामात असतात. आम्ही एप्रिल २०२३ मध्ये मोटर दुर्घटना दावा अधिकरणात, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टात, लावला, ड्रायव्हर, कारमालक आणि विमा कंपनी तिघांवर. अपघात बाहेरगावी झाला असेल तरी आपण राहतो तिथे लावता येतो, माझ्या मावसबहिणीला हे माहीतच नव्हतं. आणि एक, हॉस्पिटलमध्येच एक वकील कोऱ्या कागदावर सही मागायला आले होते, मी केली नाही, तुम्ही पण करू नका.

बिलांचं मात्र मी चुकवलं. हॉस्पिटलच्या पक्क्या बिलासाठी तीन चकरा मारल्या, मेडिकलच्या पावत्या अर्ध्या पुसल्या गेलेल्या, आणि फिजिओथेरपीला ऑटोने चार महिने गेले त्याचा एकही कागद नाही. थर्मल पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, शाई उडते.

खरी लढाई कमाईवर झाली. माझं इन्कम टॅक्स रिटर्न नाही, पगार नाही, विमा कंपनीचे वकील म्हणाले ही तर गृहिणी आहे. तेव्हा मी मापाची वही काढली. लाल पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली, पानावर छाती-कंबर-बाही, बाजूला ॲडव्हान्स किती आला, बाकी किती आणि डिलिव्हरीची तारीख. तीन वर्षांच्या नोंदी होत्या आणि अपघाताच्या आठवड्यात चौदा ब्लाऊज अर्धे राहिले होते ते पण त्यात होतं. आमच्या वकीलकाकांनी ती पानं एकेक करून वाचली, दोन ग्राहक बायकांनी बयान दिलं.

मग मेडिकल बोर्ड. त्यांनी हाताचं स्थायी अपंगत्व २२ टक्के लिहिलं. विमावाले म्हणाले हे एका हाताचं आहे, पूर्ण शरीराचं तर सातच धरा. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि त्याने कमाई किती घटली ते वेगळं, माणसाचं काम बघून ठरवायचं. क्रॉसमध्ये, म्हणजे उलटतपासणीत, विमावाल्यांच्या वकिलांनी मला विचारलं, कात्री धरता का? मी म्हटलं धरते, पण अंगठा पूर्ण वळत नाही, दोन थर कापताना खालचा सरकतो. डॉक्टरांनाही बयानाला बोलावलं, ते कोर्टाच्या दोन तारखांना आले नाहीत, तिसऱ्यांदा आले. सर्टिफिकेट लावून काम होत नाही, डॉक्टरांचं बयान हवंच म्हणून धरून बसा.

मध्ये लोकअदालतीत सव्वादोन लाख देतो म्हणाले. घरी सगळ्यांना वाटलं घेऊन टाक. पण तिथे समझोता झाला की मग अपील नाही, म्हणून मी वकीलकाकांना आधी हिशोब मांडायला लावला आणि मग नको म्हटलं.

निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. कोर्टाने महिन्याची कमाई १०,००० धरली, म्हणजे वर्षाची १,२०,०००, त्यात पुढच्या वाढीचे २५ टक्के जोडून १,५०,०००. काम २० टक्के घटलं म्हणून ३०,०००, आणि माझं वय ४२, त्या वयाला ठरलेला गुणक १४ (म्हणजे वर्षाचं नुकसान गुणिले १४), असे ४,२०,०००. इलाजाचा खर्च आणि त्रासाचे वेगळे, वर अर्जाच्या तारखेपासून ६ टक्के व्याज. पैसे सरळ खात्यात आले, काही भाग एफडीत ठेवायला सांगितलाय.

आता मी बाही आणि गळा स्वतः कापते, बाकी कटिंगला एक मुलगी ठेवलीय. वही अजून फाईललाच लागलेली आहे, परत मिळायचा अर्ज दिलाय, कारण जुन्या ग्राहकांची मापं त्यातच आहेत.